डिफ्रेन्शियल: मागून येणारा आवाज

(दृश्य: सावदा–रावेर रस्ता. केळीच्या घडांनी भरलेली पिकअप. हौद्याखालून सूर ऐकू येतो.)

गाडी चाळीसच्या पुढे गेली की मागून सूर लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, पाय काढला की बदलतो. "मांगे आवाज ई राहिना भो" (मागून आवाज येतोय भाऊ), एवढं सांगून ड्रायव्हर चावी गॅरेजवाल्याच्या हातात देतो आणि चहाला निघून जातो. आवाज नेमका कशाचा, हे शोधायचं काम इथून पुढचं.

डिफ्रेन्शियल म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअरांचा गोळा, जो इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटतो आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण मागून येणारा प्रत्येक आवाज डिफ्रेन्शियलचा नसतो. गाडी डावी-उजवीकडे वळवताना घरघर कमी-जास्त होत असेल तर आधी चाकाचं बेअरिंग तपासावं. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच "टण्ण" वाजत असेल तर जॉइंट शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हाताने हलवून बघावा. तो क्रॉस बदलून प्रश्न सुटला तर मोठा खर्च वाचतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूर येत असेल तर क्राऊनच्या (डिफ्रेन्शियलमधल्या मोठ्या गिअरच्या) दातांची पुढे ओढणारी बाजू बिघडलेली असते, आणि पाय काढल्यावर येत असेल तर उलटी बाजू. दोन्ही वेळा सारखीच गुरगुर असेल तर बहुधा पिनियनची (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरची) बेअरिंग गेलेली असतात.

(दृश्य: पावसाळ्यातली केळीची बाग. काळ्या मातीत एक चाक जागेवर फिरतंय.)

आपल्याकडे डिफ्रेन्शियल मरतं ते बरेचदा इथे, बागेच्या बांधावर. काळ्या मातीत एक चाक रुततं, दुसरं गरगर फिरतं. स्पीडोमीटरवर चाळीस दिसत असताना ते सुटलेलं चाक ऐंशीच्या वेगाने फिरत असतं, कारण थांबलेल्या चाकाच्या वाट्याचे फेरेही त्यालाच मिळतात. एरवी वळणावर जेमतेम हलणारी आतली छोटी पिनियनं (क्राऊन फिरवणाऱ्या पिनियनहून ही वेगळी) तेव्हा आपल्या पिनवर सुसाट फिरतात. त्या पिनला बेअरिंग नसतं, उडून येईल तेवढंच ऑइल असतं. पिन तापते, ओरखडते, पिनियन तिला चिकटतं. त्यातच कुणीतरी चाकाखाली दगड टाकतं, चाक एकदम पकडतं आणि तो झटका दातांवर बसतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबण्यापेक्षा अर्धा माल उतरवलेला परवडतो, पण व्यापाऱ्याची गाडी भरायची घाई असते तेव्हा हे ऐकतो कोण?

दुसरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. मागे एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला घासून गुळगुळीत झालेला. दोघांचा घेर वेगळा, त्यामुळे सरळ हायवेवरही डिफ्रेन्शियल वळणावर असल्यासारखं सतत काम करत राहतं.

आता हा गोळा काढणं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, कारण मागचे ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडावाच लागतो. मागची बाजू उचलून चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. विटा नकोत. वीट तडकताना आधी सांगत नाही.

ऑइल सोडण्यापूर्वी वरचा, भरायचा प्लग खोलून बघा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल सोडून झालं असेल, तर पुन्हा भरायचं कुठून? ऑइल कोमट असताना सगळं उतरतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर काळजी नाही, ती रोजची झीज असते. पण बोटांना टोचणारा, आकार असलेला तुकडा सापडला तर तो दात आहे. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेला एक्सल नाल्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. हौसिंगवरची (गोळा ज्यात बसतो त्या लोखंडी खोळीवरची) ब्रीदरची, म्हणजे हवा ये-जा करायची, नळी चिखलाने बुजलेली असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढते. तीच बुजलेली नळी मे महिन्यात, भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, आतला दाब वाढवून ऑइल बाहेर ढकलते आणि ब्रेकशू भिजवते. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात.

जॉइंट शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) पंचाने खूण करा, म्हणजे शाफ्ट पुन्हा होता तसाच बसेल. चार बोल्ट काढल्यावर तो लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. मग एक्सल शाफ्ट. ज्या मोठ्या गाड्यांत एक्सल फक्त फिरवतो आणि वजन हब पेलतं, तिथे बाहेरच्या फ्लँजचे बोल्ट काढले की शाफ्ट सरळ बाहेर येतो, चाक काढायचीही गरज नाही. छोट्या गाड्यांत ड्रम काढून बॅकप्लेटचे चार नट सोडावे लागतात, आणि ब्रेकचा पाइपही सुटत असेल तर शेवटी ब्रेकची एअर काढणं आलंच. शाफ्ट पूर्ण काढला नाही तरी चालतं. आतल्या गिअरच्या स्प्लाइनमधून (खाचांमधून) सुटेल इतका, चार-सहा इंच बाहेर ओढला की काम होतं.

आता हौसिंगच्या तोंडावरचे नट. वरचे दोन नट आट्यांवर तसेच राहू द्या, बाकीचे काढा. गॅस्केट चिकटलेलं असतं. लाकडी हातोड्याने ठोकून सांधा उघडा. अचानक सुटलं तरी त्या दोन नटांवर अडकेल. खाली ट्रॉली जॅक लावूनच ते दोन काढायचे. छोट्या गाडीचा हा गोळासुद्धा वीस-पंचवीस किलोचा असतो आणि घसरला तर बोटं सोडत नाही.

ज्या एक्सलमध्ये क्राऊन मागचं झाकण काढून हौसिंगमधूनच उचलावा लागतो, तिथे हा सगळा क्रम बदलतो. ती पद्धत वेगळी, इथे तिच्यात शिरत नाही.

(दृश्य: टेबलावर उतरवलेला गोळा, क्राऊनला टेकलेला डायल गेज.)

खोलायची घाई करू नका. होतं ते माप आधी लिहून ठेवा. पिनियन पकडून क्राऊन किती हलतो ते डायल गेजवर तीन-चार ठिकाणी बघा. छोट्या गाड्यांत हा खेळ साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असतो. एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी बराच जास्त येत असेल तर क्राऊन वाकडा बसलाय, बहुतेकदा त्याच्या बसण्याच्या जागेवरच्या कचऱ्यामुळे. बेअरिंगच्या टोप्यांवर एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन, असे पंच मारा. त्यांची अदलाबदल झाली की बेअरिंग कधीच सरळ बसत नाही.

क्राऊन आणि टेलपिनियन (त्याला फिरवणारं तेच पिनियन) जोडीनेच घासून तयार केलेले असतात. एक जुना, एक नवा, असं करून पैसे वाचत नाहीत. भंगारातून अख्खा गोळा आणायचा असेल तर आधी त्याचे दात मोजा. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ८ असतील तर गुणोत्तर ५.१२५. गाडीवर असतानाही कळतं: गिअर न्यूट्रल, एक मागचं चाक घट्ट धरा, दुसरं नेमकं दोन फेरे फिरवा, जॉइंट शाफ्ट जितके फेरे फिरेल तो गुणोत्तराचा आकडा. चुकीचं गुणोत्तर बसवलं तरी गाडी चालते, पण स्पीडोमीटर खोटं बोलतं आणि कन्नड घाटात पहिला गिअर कमी पडतो.

खरी कसोटी पिनियनची. त्याच्या दोन बेअरिंगच्या मध्ये बऱ्याच गाड्यांत चेपणारी नळी असते. नट आवळत गेलो की ती चेपते आणि बेअरिंगवर ताण येतो. ती चेपायला लांब पाइप लावून जोर काढावा लागतो, आणि एकदा चेपायला लागली की ताण झपाट्याने वाढतो. म्हणून नट थोडाच फिरवायचा, मग मोजायचं. मोजायला साधा स्प्रिंगकाटा पुरतो: फ्लँजभोवती दोरी गुंडाळा आणि सावकाश ओढा. मध्यापासून पाच सेंटिमीटरवर दोरी असेल आणि काटा अडीच किलो दाखवत असेल तर ताण साडेबारा किलो-सेंटिमीटर. नव्या बेअरिंगला छोट्या गाड्यांत साधारण दहा ते वीस लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. जास्त आवळला गेला तर नट मागे फिरवून उपयोग नाही, चेपलेली नळी परत फुगत नाही. ती फेकायची, नवी टाकायची.

"फक्त पिनियनचं सील बदला" म्हणून आलेल्या गाड्या महिन्याभराने आवाज घेऊन परत येतात त्या याचमुळे. नट काढताना त्याची जागा खुणावलेली नसते आणि बसवताना गनने गच्च आवळलेला असतो.

मग दातांचा ठसा. क्राऊनच्या सात-आठ दातांना मार्किंगचा रंग लावा, क्राऊन लाकडाने थोडा अडवून धरा आणि पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मधोमध हवा. माथ्याकडे असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, त्याच्या डोक्यामागे जाड शिम (अंतर भरायची चकती) टाका. बुडाशी असेल तर जवळ आहे, पातळ टाका. बाहेरच्या रुंद टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन पिनियनकडे न्या, आतल्या टोकाकडे असेल तर दूर न्या. क्राऊन सरकवताना एका बाजूची ॲडजस्टर रिंग जितके खाचे सैल, तितकेच दुसरीकडे आवळायचे, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलत नाही. शिम बदलली की खेळ बदलतो आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं. कंटाळवाणं आहे. मजुरी इथेच लागते, आणि गिऱ्हाईक नेमकी हीच कापायला बघतं.

बसवणं सोपं. हौसिंग डिझेलने धुऊन पुसा, कोपऱ्यात तुकडा राहिला तर तो पहिल्याच दिवशी बेअरिंगमध्ये जातो. एक्सलची सीलं नवी टाका. नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. आठ मिलिमीटरच्या आट्यांना साधारण २५ आणि दहाच्या आट्यांना ५० न्यूटन मीटर. ऑइल जीएल-५ प्रतीचं हवं, ८०डब्ल्यू-९०. सतत ओझं वाहणाऱ्या गाडीला उन्हाळ्यात ८५डब्ल्यू-१४० चालतं, कंपनीने परवानगी दिली असेल तर. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका, काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.

नवी जोडी टाकली असेल तर पहिले पंधरा-वीस किलोमीटर रिकामी चालवून थांबवा आणि पूर्ण गार होऊ द्या. पिनियनच्या नाकाशी, जॉइंट शाफ्ट जोडतो तिथे, हात लावून बघा. थोड्याच अंतरात तिथे हात ठेववत नसेल तर ताण जास्त बसलाय, गोळा परत उतरवा. पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये पूर्ण माल नको, आणि त्यानंतर ऑइल बदला, कारण नवे दात एकमेकांत बसताना निघालेली बारीक पूड त्याच ऑइलमध्ये फिरत असते.