न उतरणारा ताण

ताणाविषयी बोलायचं म्हटलं की मोठ्या गोष्टी आधी डोळ्यांपुढे येतात. घरातला मृत्यू, नोकरी जाणं, गंभीर आजारपण. अभ्यासकांनीही सुरुवात तिथूनच केली. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५०. लग्न तर आनंदाचं, मग ते यादीत कसं? बदल सुखाचा असला तरी त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराची शक्ती लागतेच, म्हणून.

१९८१ मध्ये रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. वस्तू हरवणं, कामं डोक्यावर साचणं, वजनाची काळजी, कुणाशी तरी रोज होणारी कुरबुर अशा ११७ कटकटींची यादी त्यांनी केली आणि लोकांना ती महिनोन्‌महिने भरायला दिली. मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून जास्त नेमका बांधता येतो, असं त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी शारीरिक तक्रारींच्या बाबतीतही तसंच आढळलं. म्हणून आज मी मोठ्या संकटांविषयी फारसं बोलणार नाही. ज्याला आपण ‘एवढं काय त्यात’ म्हणतो, त्याविषयी बोलणार आहे.

आधी शरीरात काय घडतं ते थोडक्यात पाहू. धोक्याची चाहूल लागली की काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पचन मागे पडतं. त्यामागोमाग दुसरी साखळी सुरू होते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. हे रसायन चढायला मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. ते रक्तातली साखर वाढवतं, रक्तदाब टिकवून धरतं, दाह आवरतं. कॉर्टिसॉलला शत्रू समजू नका. ज्यांच्या शरीरात ते तयार होत नाही, त्यांना ते औषध म्हणून आयुष्यभर घ्यावं लागतं. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. या चढउतारावर निरोगी दिवस उभा असतो.

त्रास सुरू होतो तो उतार हरवल्यावर. ब्रूस मॅकएवन या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात शरीराच्या या झिजेचा अभ्यास मांडला आणि तिला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. ही झीज कशी होते याच्या त्याने काही वाटा सांगितल्या. धक्के पुनःपुन्हा बसत राहतात. तोच प्रसंग रोजचा झाला तरी शरीराला त्याची सवय होत नाही. किंवा प्रसंग संपतो आणि शरीर मात्र खाली उतरत नाही. या तिसऱ्या वाटेकडे आपलं सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून मी आज तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

झोपेपासून सुरुवात करू. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना लागोपाठ ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिलं गेलं. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटली, आणि कॉर्टिसॉल उतरायला हवं त्या संध्याकाळच्या वेळी ते चढलेलं सापडलं. या मुलांवर कुणी ओरडलं नव्हतं, कसलं संकटही आलं नव्हतं. नुसती झोप काढून घेतली होती. दोन-तीन तासांची झोप कामासाठी किंवा पडद्यासमोर सोडून देणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं.

आवाजाचंही तसंच आहे. झोपेत कान बंद होत नाहीत. बाहेरून वाहन गेलं की आपण जागे होत नाही, पण नाडी आणि रक्तदाब क्षणभर वाढतात, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये रात्रीच्या रस्त्यावरच्या आवाजाची सरासरी ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस केली, ती याच कारणाने. ‘मला आता सवय झालीय’ असं आपण म्हणतो. ही सवय मनाला होते. हृदय आणि रक्तवाहिन्या मात्र बऱ्याच अंशी प्रतिसाद देतच राहतात.

बसण्याबद्दल थोडंच सांगतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. त्यात घाई किंवा दडपण असेल तर खांद्याचा वरचा स्नायू हातांच्या कामासाठी गरज नसतानाही आवळून राहतो. आत्ता इथे बसल्या बसल्या खांदे सैल सोडून पाहा. जबडाही. बऱ्याच जणांना तो आवळलेला होता हे आत्ताच कळलं असेल.

आता ज्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो तिच्याकडे येतो. ती म्हणजे आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. जे वाइस या संशोधकाने उंदरांवर केलेले प्रयोग वाचताना वाईट वाटतं, पण त्यांनी फार मोलाचं शिकवलं. दोन उंदरांना सारखेच विजेचे झटके बसत. एकाला चाक फिरवून झटका थांबवता यायचा. तो थांबला की दुसऱ्याचाही थांबायचा. त्रास अगदी सारखाच होता. तरी ज्याच्या हातात काहीच नव्हतं, त्याच्या पोटात जास्त व्रण झाले. झटक्याआधी इशारा मिळत असेल, तरीही व्रण कमी होत. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी माणसांवर आवाजाचे प्रयोग केले. काहींना सांगितलं, हे बटण दाबलंत तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला, पण बटण जवळ असलेल्यांनी पुढची कामं जास्त चिकाटीने केली.

प्रयोगशाळेबाहेर काय दिसतं? १९६७ पासून लंडनमधल्या हजारो सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, तो ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जातो. मायकेल मार्मट यांनी त्यातून दाखवून दिलं की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त होतं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही फरक पुरता मिटला नाही. पुढच्या टप्प्यात कळलं की कामावर स्वतःचा ताबा किती, याचा या फरकात मोठा वाटा आहे. निर्णयांचा भार वाहणारा साहेब खचतो अशी आपली समजूत असते. आकडे सांगतात की ज्याला कधी उठायचं, कधी बसायचं हेसुद्धा दुसरं कुणी ठरवून देतं, तो जास्त लवकर झिजतो.

म्हणूनच कुणालाही सरसकट ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगणं मला पटत नाही, डॉक्टरांनी सांगणं तर मुळीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बाईला हे सांगून काय उपयोग? जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयोगटातल्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली. सांभाळणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण मनात असतो म्हणणाऱ्यांनी या जखमेचा विचार करावा. अशा बाईला उपदेशाची गरज नाही. आठवड्यातून काही तास तिच्या जागी दुसरं कुणीतरी बसलं पाहिजे, आणि ते तास कोणते हे तिला आधीपासून ठाऊक असलं पाहिजे. वाइसच्या उंदरांनाही इशाऱ्याचा उपयोग झाला होता, तो यासाठीच.

न उतरण्याचं आणखी एक कारण आपल्या डोक्यातच फिरत असतं. भांडण दहा मिनिटांत संपतं, पण रात्री आडवं झाल्यावर आपण ते पुन्हा भांडतो. या वेळी उत्तरं चांगली सुचतात एवढाच फरक. अशा वेळी रक्तदाब पुन्हा वाढतो, कारण आठवणीतल्या रागालाही शरीर प्रतिसाद देतं. उद्याच्या काळजीचं तेच. आणि दर काही मिनिटांनी फोनकडे जाणारा हात अपुरं राहिलेलं काहीतरी पुन्हा समोर आणून ठेवतो.

उतरण्यासाठी शरीरातच एक साधन आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, काही मिनिटं तसंच चालू ठेवलं, तर हा परिणाम जाणवतो. चालणंही चांगलं. पण रोजची बैठक, आवाज, अपुरी झोप, हातात काहीच नसलेलं काम हे तसंच राहिलं तर श्वासावर सगळा भार टाकणं योग्य नाही.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. ‘माझी छाती धडधडते, थकवा येतो. हे ताणामुळेच ना?’ असू शकेल, पण ते इथे बसून ठरवता येणार नाही. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी धडधडतं, रक्त कमी असलं तरी थकवा येतो, झोपेत श्वास अडत असेल तर आठ तास झोपूनही सकाळी अंग जड वाटतं. या तिन्हींच्या तपासण्या आहेत आणि तिन्हींवर उपचार आहेत. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, विनाकारण धाप यांपैकी काही झालं तर ताणाचं नाव घेत घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं.