थिएटरच्या माळ्यावरची जुनी पोस्टरं विकता येतात का?

नमस्कार मंडळी.

चिपळूण घ्या, कुडाळ घ्या, सावंतवाडी घ्या. एखादं एकपडदा थिएटर बंद होतं किंवा दुरुस्तीला निघतं, तेव्हा माळ्यावरून आधी उतरतात ते पोस्टरांचे गठ्ठे. रद्दीवाला वजनावर मागतो. मग तारकर्लीकडचा एखादा होमस्टेवाला येतो आणि म्हणतो, "ती फिल्मी पोस्टरं मला द्या की, भिंतीला लावतो. नगाला पाचशे देतो." मालकाच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो.

तर विकता येतात का? कागद तुमचा असेल तर येतात. पण तो तुमचा आहे हे दाखवणारं काही बहुतेक थिएटरांकडे नसतं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

(हातातलं पोस्टर पुढे धरून) या एका वस्तूत दोन मालक्या आहेत. एक या कागदाची, दुसरी त्यावरच्या चित्राची. चित्राचे हक्क निर्मात्याकडे किंवा त्याने ज्याला दिले त्याच्याकडे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १४ असं सांगतं, की चित्राच्या प्रती लोकांत आणायचा हक्क हक्कदाराचा, पण आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्यात. आणि एकदा विकली गेलेली प्रत चलनात आली असं धरायचं. म्हणून तुम्ही दुकानातून पोस्टर विकत घेतलंत तर उद्या ते खुशाल विका, निर्मात्याला विचारायची गरज नाही.

आता स्वतःला विचारा, हे पोस्टर थिएटरला कोणी *विकलं* होतं का?

वितरक सिनेमा लावायला देतो तेव्हा पब्लिसिटीचा गठ्ठा बरोबर येतो. भिंतीची पोस्टरं, शोकार्डं, काचेच्या कपाटात लावायचा फोटो सेट. फोटो सेट तर एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरायचा, या शुक्रवारी खेड, पुढच्या शुक्रवारी दापोली. तो उघडउघड वापरापुरता दिलेला माल. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १४८ मध्ये अशा देण्याला निक्षेप म्हटलंय, आणि काम झाल्यावर वस्तू परत करायची हे कलम १६० मध्ये आहे. तो माल परस्पर विकला तर वस्तुविक्री कायदा १९३० चं कलम २७ आडवं येतं. विकणाऱ्याची मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही साधारणपणे मालकी मिळत नाही. म्हणजे पाचशे मोजूनही त्या होमस्टेवाल्याचे हात रिकामेच. सोपवलेला माल बेइमानीने विकणं फौजदारीतही जातं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. पाचशेच्या पोस्टरासाठी कोणी तिथवर जात नाही हे खरं, पण पन्नास सेट ऑनलाइन विकायला काढलेत तर वितरकाच्या नजरेला येणारच.

अमेरिकेत हा प्रश्न कागदावरच छापून सोडवला होता. तिथे नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी थिएटरांना पोस्टरं पुरवायची, आणि पोस्टरच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात छापायची की ही कंपनीची मालमत्ता आहे, फक्त या सिनेमाच्या खेळापुरती लावायला दिली आहे, नंतर लगेच परत करा. तीच पोस्टरं आज तिथल्या लिलावांत राजरोस विकली जातात, आणि ती ओळ असली की गिऱ्हाईक खूश होतं, कारण माल थिएटरातला असल्याची ती खूण. कंपनीने मागितलीच नाहीत, थिएटरांनी ठेवून घेतली. पण दुसऱ्याने पन्नास वर्षं मागितलं नाही याचा आधार धरून तुम्ही गेल्या दिवाळीची स्टँडी, म्हणजे पुठ्ठ्याची उभी जाहिरात, विकू नका.

मग कागद कोणाचा, हे शोधायचं कसं? तीन ठिकाणी बघा. एक, वितरकाबरोबरचं बुकिंगचं करारपत्र. दोन, गठ्ठ्याबरोबर आलेलं चलान, म्हणजे माल पाठवल्याची पावती. त्यावर 'परत' किंवा 'रिटर्नेबल' लिहिलंय का? तीन, आणि हे लोक विसरतात, हिशेबाचं पत्रक. वाट्याचा हिशेब करताना पब्लिसिटीपोटी तुमच्याकडून रक्कम कापली असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम. कशाची रक्कम तेही वाचा मात्र. 'पोस्टर ५० नग' असं लिहिलेलं आणि नुसतं 'प्रसिद्धी खर्च' असं लिहिलेलं, यात फरक आहे.

काहीच सापडलं नाही, तर वितरकाला ईमेल करा. मजकूर सांगतो, लिहून घ्या. "आपण दिलेलं सोबतच्या यादीतलं प्रसिद्धी साहित्य आमच्याकडे शिल्लक आहे. यातलं जे परत हवं ते १५ दिवसांत कळवावं, आम्ही पाठवू. जे नको, ते आमच्या मालकीचं करून विकण्यास संमती असल्याचं याच ईमेलला उत्तर देऊन कळवावं." यादीत सिनेमाचं नाव, प्रकार, माप, नग आणि फोटो. 'उत्तर आलं नाही तर संमती समजू' हे वाक्य घालायचा मोह होईल. घालू नका, समोरच्याची चुप्पी म्हणजे होकार होत नाही. वितरण कार्यालयच बंद झालं असेल तर निर्मात्याकडे जा.

आता सगळ्यात मोठा घोटाळा. थिएटरवाले म्हणतात, "हे फ्लेक्स तर मी माझ्या पैशाने छापलंय, हे नक्की माझं." फ्लेक्स तुमचं, कबूल. पण डिझाइनची फाइल वितरकाने कशासाठी दिली? या खेळाची जाहिरात करण्यासाठी. ती प्रत हक्कदाराने कधी कोणाला विकलेलीच नाही. तुम्ही विकलीत तर लोकांत पहिल्यांदा तुम्ही आणलीत, तेही परवानगीशिवाय. म्हणजे फुकट आलेल्या छापील पोस्टरपेक्षा स्वखर्चाचं फ्लेक्स जास्त अडचणीचं. पेंढ्यावर, लाकडांवर घालायला कोणाला दिलंत तर कोणी विचारत नाही, तिथे ते चित्र नसून ताडपत्री असते. 'संग्रहासाठी' म्हणून विकलंत की गोष्ट बदलते. शिवाय १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि त्यात विक्रीही आली.

स्टँडीवर कोपऱ्यात चहाचा नाहीतर मोबाइलचा ब्रँड असतो, त्या कंपनीचा करार वेगळा. माझं मत विचाराल तर स्टँडी विकूच नका. पुठ्ठा आहे, पहिल्या पावसात फुगतो. आणि पेटीतली रिळं किंवा डिजिटल सिनेमाची हार्ड डिस्क? तिकडे हातही लावायचा नाही, ती वितरकाची, ती परत जाते.

संमती मिळाली, पोस्टर विकलं. पण हक्क कागदाचाच गेला. होमस्टेवाल्याने ते फ्रेम करून जेवणाच्या खोलीत टांगलं तर ठीक. त्याने ते स्कॅन करून मगवर, टीशर्टवर, मेनूकार्डवर छापलं की ती नक्कल झाली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. तुम्ही दुप्पट भावात 'रिप्रिंट' काढून विकलंत तरी तेच. म्हणून बिलावर एक ओळ टाका, "जुनं वापरलेलं पोस्टर, एक नग, छपाईचे वा नकलेचे हक्क दिलेले नाहीत." बिल थिएटरच्या नावानेच फाडा, थिएटर जीएसटीत असेल तर कर कोणत्या पद्धतीने लावायचा ते सीएला आधी विचारा. आणि मालकाला न विचारता डोअरकीपरने विकलं तर ती सरळ चोरी.

"पण हा सिनेमा किती जुना आहे, त्याचे हक्क संपले असतील ना?" हिशेब करून बघू. सिनेमा आणि त्यातल्या दृश्याचा फोटो याला प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० सालच्या सिनेमाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण पोस्टर हाताने रंगवलेलं असेल तर ते वेगळं चित्र आहे, आणि चित्राची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सिनेमा मोकळा झाला तरी पोस्टर बांधलेलं असू शकतं.

अगदी जुनं हाती लागलं तर थांबा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांत धरतात. १०० वर्षं ओलांडलेली कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. मग ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. अशा वेळी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोटो पाठवा. तिथे फक्त रिळं नाहीत, पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपतात.

(टेबलावर पोस्टर पसरून) आता माल अस्सल आहे का ते बघू. हिंदी-मराठी पोस्टरचं नेहमीचं माप ३० बाय ४० इंच, उभं. छोटं २० बाय ३०. मोठी पोस्टरं दोन, सहा तुकडे जोडून होतात, सगळे तुकडे असले तरच किंमत. १० पट भिंग लावा. ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके रांगेत, फुलासारख्या गुच्छात दिसतात. इंकजेटच्या नकलेत ते धुरळ्यासारखे विखुरलेले. खालच्या कडेला प्रेसचं नाव. चार कोपऱ्यांत टाचणीची भोकं, भोकांभोवती गंजाचा तांबूस डाग. आडव्याउभ्या घड्या. नकलेवर घडीसुद्धा छापलेली असते, बोट फिरवलं की कागद सपाट लागतो.

वर 'आजपासून, रोज ३ खेळ' अशी पट्टी चिकटवलेली असेल तर काढू नका. ती काढताना खालचा रंग तर निघतोच, आणि हे पोस्टर आपल्या गावात लागलं होतं याची तीच एक साक्ष असते. भिंतीवरून उतरवलेलं पोस्टर असेल तर हातमोजे घाला, खळीत मोरचूद घालायची पद्धत होती.

कोकणात कागदाचा वैरी पाऊस. कागदाला हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास मानवतो, आपल्याकडे जुलैत तो नव्वदीला टेकतो. बुरशी, कसर, वाळवी, तिघी एकदम येतात. लॅमिनेशन करू नका, ओल आत कोंडते आणि ते परत निघत नाही. सेलोटेप तर नकोच, दोन वर्षांत पिवळा पट्टा उमटतो. आम्लमुक्त कागदात ठेवा, पत्र्याच्या पेटीत नको, जमिनीपासून वीतभर वर.

आणि पुराचं पाणी शिरलं तर? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे झालं तसं. बुरशी धरायला ४८ तास पुरतात. गुळगुळीत कागदाची शोकार्डं ओली असतानाच एकमेकांपासून सोडवा, एकदा चिकटून वाळली की त्यांची वीट होते. साधा कागद टॉवेलवर पसरून पंख्याखाली वाळवा. उन्हात टाकू नका, रंग उडतो आणि कागद वाकडा होतो.

पाठवताना ३० इंची बाजू नळीत जायला नळी किमान ३२ इंच लांब हवी, आतून ३ इंच रुंद. त्याहून बारीक नळीत कागदाला बाक बसतो. जुन्या घडीचं पोस्टर त्याच घडीवर, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. आतलं प्लॅस्टिक पूर्ण सीलबंद नको, आणि जून ते सप्टेंबर पार्सल करूच नका. गणपती जाऊ द्या, ऑक्टोबरचं ऊन पडलं की मगच माळ्यावरचा गठ्ठा सोडा.