एक पान वाचा, एक झाड बघा

मंडळी, आयोजकांनी विषय कळवला तेव्हा त्यात शरद ऋतू, वाचन आणि निसर्ग यांच्या जोडीला ‘माइंडफुलनेस’ हा शब्द होता. मी जरा बिचकलो. मग आठवलं, आपल्याकडे ‘अवधान’ आहेच. आणि त्याहून सोपं, पाढे चुकले की आजी विचारायची ते: “लक्ष कुठंय तुझं?”

आधी शरदाबद्दल एक तक्रार. हल्ली शरद म्हटलं की मोबाइलवर लालभडक मेपलची पानं येतात. ती थंड मुलखातली. आपली पानगळ शिशिरातली. आपला शरद आश्विन-कार्तिकातला: आभाळ धुतलेलं, भाताच्या लोंब्या वाकलेल्या आणि दुपारी ऑक्टोबर हीटचा चटका. कालिदासानं ‘ऋतुसंहारा’त शरदाला नववधू केलं आणि तिला नेसवलं काय, तर काश गवत! नदीकाठचे ते पांढरे तुरे आपण गाडीतून रोज बघतो. म्हणजे, बघत नाही.

मराठी माणसाचा वाचायचा ऋतू मात्र खरोखर हाच. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चकलीच्या तेलकट बोटांनी पानं उलटायची आपल्याला सवय. मीही वाचनालयातून अंकांची थप्पी आणायचो आणि भाऊबीजेच्या आत संपवायचो. एका वर्षी कुणीतरी विचारलं, काय आवडलं? मला एक ओळ सांगता येईना. जाहिराती आठवत होत्या.

त्यानंतर मी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वेगळ्या रीतीनं वाचायला घेतलं. 1956 सालचं हे पुस्तक चैत्रापासून महिन्यामहिन्यानं पुढं जातं. मी ठरवलं, आश्विनाचा लेख आश्विनातच वाचायचा, कार्तिकाचा कार्तिक लागल्यावर. छोटं पुस्तक, बसलो तर दोन दिवसांत संपेल. मला वर्ष लागलं. एक परिच्छेद झाला की पुस्तक पालथं घालायचं आणि बाईंनी सांगितलेलं खाली अंगणात सापडतंय का ते बघून यायचं. बरेचदा सापडायचं नाही. त्या शोधात भलतंच काही सापडायचं.

उदाहरणार्थ, तेरडा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण माणसांवर वापरून मोकळे होतो. फुलं गेल्यावर तेरड्याकडे कोण बघतो? शरदात त्याच्या फुगीर, लवदार शेंगा पिकतात. एक अलगद चिमटीत धरा. क्षणभर काहीच होत नाही. मग ती बोटांत तडकते, साल गुंडाळी होऊन आत वळते आणि बिया उडून दूर पडतात. दचकायला होतं. माझ्या नातीनं त्या दिवशी कुंडीतल्या सगळ्या शेंगा फोडल्या, आणि मी तिला अडवलं नाही, कारण निम्म्या मीच फोडल्या होत्या.

मारुती चितमपल्लींना वाचताना अजून एक गोष्ट कळते. उभा जन्म वनखात्यात काढलेला माणूस, पण त्यांच्याकडे घाई नाही आणि शब्दांची वाण नाही. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं, बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’. हा शब्द वाचल्यावर तळ्याकाठचं पांढरं झालेलं झाड नुसतं घाणेरडं झाड राहत नाही. तिथं घरटी दिसायला लागतात, पिलांचा कलकलाट वेगळा ऐकू येतो.

मधे एकदा इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलो. तिथं पुस्तक-वही काही चालत नाही. नियम बरोबरच आहे, श्वासाकडे बघायचं तर मधे छापील ओळ कशाला? पण माझं मन असं की त्याला धरायला ओळ लागते. ओळीला धरून ते झाडापर्यंत जातं. तुमचं तसं नसेल तर नसो.

आता मला चिठ्ठी आलीय, वेळ झाली. तरी एवढं सांगतो. आत येताना तुम्हाला उग्र गोड वास आला असेल, काहींनी नाकाला रुमाल लावलेला मी पाहिला. ती फाटकाजवळची सातवीण, सप्तपर्णी. संध्याकाळी तिचा वास चढतो. तिच्या लाकडाच्या पूर्वी मुलांसाठी पाट्या करायचे, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे. जाताना खाली पडलेलं एखादं पानांचं चक्र उचला आणि पानं मोजा. दर वेळी सात भरत नाहीत.