फाईल कुठंय?

अध्यक्षांनी विषय सांगितला 'परदेशस्थ कुटुंबांचं कायदेशीर नियोजन'. अहो, मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की मुलांच्या कागदपत्रांची फाईल कुठंय यावर बोलेन. पण हे पार्लं आहे, इथे साध्या विषयाला कोण येणार! ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हात वर करा बघू. बापरे. उरलेले बटाटेवड्यांसाठी आलेत, हरकत नाही, वडे चांगले असतात इथले.

तर २० सप्टेंबर २०२५, शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. ह्यांचं पान वाढायचं म्हणून मुलगा आठ दिवसांसाठी आला होता. मी अळूची पानं पुसत बसलेले आणि हा मोबाईल घेऊन आत आला, म्हणाला आई, मला आजच निघावं लागेल. का तर तिकडच्या अध्यक्षांनी (आपले अध्यक्ष नव्हेत, हे बिचारे गरीब आहेत) शुक्रवारी सही केली, एच-वन-बीला (तिकडच्या नोकरीचा व्हिसा हो) १ लाख डॉलर फी, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये, आणि नियम त्यांच्या शनिवार-रविवारच्या मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटानं लागू, म्हणजे आपल्या सकाळी ९.३१ ला. कंपनीचा मेल आलेला, त्याआधी परत या. थेट विमानाला सोळा तास लागतात आणि आमच्या घड्याळात अकरा वाजलेले. तुम्हीच करा हिशोब. तिकिटाचा आकडा मी सांगत नाही, सभागृहात डॉक्टर आहेत की नाही माहीत नाही.

पण खरी गंमत पुढेच. परत आत शिरताना आय-७९७ विचारला तर? म्हणजे अप्रूव्हलचा कागद. तो न्यू जर्सीत, कुठल्याशा ड्रॉवरमध्ये. तिकडे रात्रीचा दीड. सुनेला उठवलं, तिनं झोपेत फोटो पाठवला, तो वॉशिंग मशीनच्या वॉरंटीचा निघाला! दुसरा नातवाच्या लसींचा. शेवटी कागद सापडला हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशवीत, आता तिथे का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, सून चांगली आहे, टिकवायचीय. मिळालेलं विमान वेळेत पोचणारच नव्हतं तरी गडी विमानतळावर जाऊन बसला, आणि पहाटे कळलं की फी फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही! टॅक्सीनं परत. सकाळी पान वाढलं, कावळ्यानंसुद्धा वाट बघायला लावली नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अहो, विषय तर आत्ता सुरू होतोय!

बरं, पटापट सांगते. व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख वेगळी आणि आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या नोंदीवरची, वेगळी, तिथे किती दिवस राहता येतं ते आय-९४ वर असतं, आपण शिक्काच बघत बसतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ आधी संपत असेल तर तेवढेच कमी, आणि सुनेचा एच-फोर, म्हणजे बायकोमुलांचा व्हिसा, मुलाच्याच कागदावर उभा असतो. तिथे जन्मलेलं नातवंड अमेरिकन नागरिक, त्याला इकडे आणायचं तर त्याचा पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) किंवा व्हिसा हवाच, ऐन वेळी धावपळ करून मिळत नाही. आईबाप दोघंही अडकले तर शाळेतून पोराला कोण आणणार, त्याचं नोटरी केलेलं पत्र आत्ताच करून ठेवायचं. दारावर इमिग्रेशन खात्याचं कोणी आलं तर जज्जची सही असलेलं वॉरंट आहे का ते आधी बघायचं, खात्याच्या स्वतःच्या कागदावर घरात घ्यावंच लागतं असं नाही. गप्प बसायचा हक्क आहे. पकडलंच तर भारतीय दूतावासाला कळवा म्हणायचाही हक्क आहे, आणि ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं दिलेला नंबर, असला तर माणूस कुठल्या डिटेन्शनमध्ये आहे ते ऑनलाईन शोधता येतं. म्हणून तो नंबर आणि वकिलाचा फोन कागदावर हवा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल आधी काढून घेतात.

हो हो, झालंच. दाराशी झेरॉक्सचा गठ्ठा आहे, त्यात रकाने आखलेत, एकेक घ्या, मुलाला फोन लावून आजच भरा. पेन्सिलीनं भरा, पत्ते बदलतात.