नाव नंतर विचारायचं

[पहाट. बडोदा स्टेशन.]

मुंबईहून आलेली गाडी इथून अहमदाबादकडे जाते, नाहीतर गोधऱ्यावरून रतलाम-दिल्लीकडे. घर सोडलेलं पोर अशा जंक्शनवर उतरतं. सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडायचं की अलकापुरीच्या, हेही त्याचं ठरलेलं नसतं.

मदतीला गेलेल्याने त्याला आल्याआल्या "नाव काय, गाव कुठलं?" विचारलं, की खोटंच उत्तर मिळतं. पोलीस हेच विचारतात, आणि पोरं पळवणारा दलालही.

[इटलीतलं जुनं तूरिन शहर. चर्चमागची खोली.]

८ डिसेंबर १८४१. गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या एका पोरक्या मुलाला चर्चच्या सेवकाने मारून हाकललं. तरुण पाद्री जॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावलं. वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. मग, असं सांगतात, त्यांनी विचारलं, "शीळ घालता येते?" मुलगा हसला.

मुलांना कामाला लावताना बॉस्को मालकाशी लेखी करार करत. १८५२ च्या एका करारात कलमच आहे: चूक झाली तर तोंडाने समजवायचं, हात उचलायचा नाही. त्यांच्या संघाचे, म्हणजे सेलेशियन, फादर १९०६ साली भारतात आले.

[फलाट. प्रथमोपचाराचा डबा.]

मुलासमोर उभं राहायचं नाही, शेजारी खाली बसायचं. पैसे नाहीत, फोटो नाही. खरा उपयोग या डब्याचा. अनवाणी पायाला जखम असतेच. ती धुऊन पट्टी बांधेपर्यंत पोर आपणहून बोलायला लागतं.

नाकाखालची कातडी सोललेली, मुठीत चुरगळलेलं फडकं: नशेसाठी पंक्चरचं सोल्यूशन हुंगलेलं असणार. फडकं हिसकावू नका. अशा अवस्थेत घाबरून धावलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, आणि समोर रूळ आहेत.

इथे मराठी कान कामाला येतो. पोर स्वतःला सुरतेचं म्हणवतं, पण बोलण्यात "आहे" ऐवजी "शे" आलं, की धागा खानदेशात जातो. मग पत्ता नाही विचारायचा. शाळेसमोर काय होतं? बाजार कुठल्या वारी भरायचा?

एकीकडे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन आणि रेल्वे पोलिसांत नोंद. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. नोंद न करता ठेवून घेणं, कितीही मायेने असो, कायद्याने गुन्हा आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढे होते. पत्ता सापडला, की आनंदाच्या भरात लगेच पोहोचवायची घाई. माराला कंटाळून निघालेलं पोर पुढच्याच गाडीने परत येतं, आणि या खेपेला पट्टी बांधू देत नाही. म्हणून आधी घरी माणूस जातो. मारत कोण होतं, तो अजून घरात आहे का, मुलाला आसरा देईल अशी आजी किंवा मामा जवळपास आहे का, हे बघून येतो. मगच मुलाचं तिकीट निघतं.