गार प्लाझ्मा आणि टेराहर्ट्झची वन-वे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडपुढं थांबलात की वेल्डिंगचा तो निळा-पांढरा लखलखाट दिसतोच, डोळ्यांवर आपोआप हात जातो. तो आर्क म्हणजे प्लाझ्मा, गॅस एवढा तापलाय की इलेक्ट्रॉन सुटे झालेत. पण प्लाझ्मासाठी एवढं तापायलाच पाहिजे असं काही नाही हां. ही इंडियम अँटिमोनाइड नावाच्या सेमीकंडक्टरची चकती बघा, नखाएवढी, करडी, चकचकीत, हाताला गार, आणि आत एका घन सेंटिमीटरमागं 2 वर 16 शून्यं इतके इलेक्ट्रॉन मोकाट फिरतायत.

हिच्यावर टेराहर्ट्झची लाट सोडायची, म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनं. कंपनांच्या एका सीमेच्या खालची लाट आदळून परत येते, वरची आरपार जाते. चकती तापवली की इलेक्ट्रॉन वाढतात, सीमा वर सरकते. हा झाला एक कंट्रोल.

खरी मजा चुंबकात आहे. चुंबकात इलेक्ट्रॉन गोल फिरतो, मोकळा असेल तर 1 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) 28 गिगाहर्ट्झनं, म्हणजे 1 टेराहर्ट्झ गाठायला जवळजवळ 36 टेस्ला पाहिजेत, एवढा चुंबक जगात मोजक्याच लॅबमध्ये. रडारमध्ये लाटेला वन-वे करणारं साधं फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबकी सिरॅमिक, इथंच दमतं (शिवाजी विद्यापीठात फेराइटवर बरंच काम झालंय, त्यामुळं नाव आपल्याकडं नवीन नाही). पण या चकतीतला इलेक्ट्रॉन वागतो असा की त्याचं वजन सत्तराव्या हिश्श्यावर आलंय, तालमीतल्या जड गड्याऐवजी शेलाटा पोरगा, जरा ढकललं की गरकन फिरला. 1 टेस्लाला थेट 2 टेराहर्ट्झ! 0.3 टेस्लात 600 गिगाहर्ट्झ, आणि 0.3 तर निओडिमियमच्या छोट्या चुंबकाच्या तोंडाशीच मिळतात. नाद खुळा.

मग लाट आत शिरली की पिळली जाते, तिच्या कंपनाची दिशाच फिरते. मायकेल फॅरडेनं 1845 ला काचेत प्रकाशाचं हेच बघितलेलं. पिळा 45 अंशांचा ठेवा. परत येणारी लाट उलटी सुटत नाही, त्याच बाजूला अजून 45 पिळते, झाले 90, आणि तोंडाशी लावलेली बारीक तारांची जाळी तिला अडवते. जाताना वाट मोकळी, येताना बंद, त्यामुळं सोर्सला स्वतःच्याच रिफ्लेक्शनचा ताप नाही.

फुकट मात्र काही नाही. इलेक्ट्रॉन आत धडकत राहतात, लाटेची ताकद उष्णतेत जाते, आणि पिळा जिथं जोरात मिळतो त्याच्या आसपासच लाट जास्त गिळलीही जाते, त्यामुळं चकती किती पातळ करायची आणि चुंबक किती तगडा लावायचा यावरच डिझाईनवाल्यांची सगळी मारामारी चालते.