मुडदे उठवणारे

नमस्कार श्रोतेहो. 1811 सालच्या लंडनमध्ये चला. राजपुत्र जॉर्ज राज्यकारभार पाहू लागला ते हे वर्ष, आणि जोसेफ नेपल्स नावाच्या प्रेतचोराने रोजनिशी लिहायला घेतली तेही हेच. ती आजही लंडनमध्ये जपून ठेवलेली आहे. कुठल्या दफनभूमीतून किती प्रेतं काढली, कुठल्या रुग्णालयात पोचवली, पैसे कसे वाटले, एवढाच तिचा मजकूर.

प्रेतांना मागणी होती शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरांकडून. 1752च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं विच्छेदनाला मिळत, पण विद्यार्थी वाढले तशी ती पुरेनात. मोठ्या माणसाचं प्रेत साधारण चार गिनींना जाई. म्हणजे 84 शिलिंग, मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई! लहान मुलांचा भाव तर उंचीवर, इंचाच्या हिशेबाने ठरे.

सबंध कबर कोणी उकरत नसे. खणायचं फक्त डोक्याच्या बाजूला. आवाज कमी व्हावा म्हणून फावडं लाकडी, आणि गवतावर माती दिसू नये म्हणून ती कापडावर काढायची. पेटीचं डोकं उघडं पडलं की झाकणाखाली पहार घालून उचकटायचं. उरलेल्या झाकणावर मातीचा भार असतोच, त्यामुळे ते मधोमध मोडतं. मग दोर बांधून प्रेत वर ओढायचं.

आता कफन काढून परत कबरीत टाकायचं. हे विसरणारा फसलाच. कायद्याने प्रेत कुणाच्या मालकीचं नव्हतं, त्यामुळे ते नेणं हा किरकोळ गुन्हा. कफन मात्र मालमत्ता, ते नेलं की सरळ चोरी. मेलेल्या माणसापेक्षा त्याच्या अंगावरच्या कापडाला कायदा अधिक जपत होता, हे वाचताना आजही चीड येते.

चांदण्या रात्री पकडलं जाण्याची भीती, उन्हाळ्यात प्रेत टिकत नाही. म्हणून हंगाम हिवाळ्याचा. नातेवाईक कबरीवर शिंपला किंवा काटकी खुणेला ठेवत. ती जागच्या जागी परत ठेवली नाही की चोरी उघड. कोणी मातीत पेंढा मिसळत, म्हणजे फावडं अडखळे. पैसेवाल्यांसाठी 1818 साली लोखंडी शवपेटीचं पेटंट निघालं. गरिबांच्या पेट्या मात्र सामाईक खड्ड्यात एकावर एक रचलेल्या, आणि खड्डा भरेपर्यंत तो उघडाच. चोरांना तिथे फारसं खणावंही लागत नसे.

1832च्या कायद्याने हा धंदा बसला. कारण रुग्णालयांत आणि दरिद्रालयांत मेलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या गरिबांची प्रेतं आता डॉक्टरांना कायदेशीरच मिळू लागली.